ऑपरेशननंतर पुन्हा झटके आले, तर

फिटच्या आजारासाठी मेंदूचं ऑपरेशन करून घ्यायचा निर्णय कुठलंही घर सहजासहजी घेत नाही. वर्षानुवर्षं दोन-तीन प्रकारच्या गोळ्या चालू असतात, तरी फिट थांबत नाहीत. मग एमआरआय, व्हिडिओ ईईजी, स्मरणशक्तीच्या चाचण्या, पैशांची जुळवाजुळव, नातेवाइकांचे उलटसुलट सल्ले, आणि शेवटी संमतीच्या कागदावरची सही. ऑपरेशन होतं, टाके निघतात, पुढचे काही महिने एकही फिट येत नाही. घरातली माणसं दबक्या आवाजात एकमेकांना सांगू लागतात की सुटलो एकदाचे. आणि मग एका दुपारी पुन्हा झटका येतो. बहुतेक घरांत तेव्हा पहिलं वाक्य निघतं ते असं, "ऑपरेशन फुकट गेलं."

तसं असेलही, पण तसंच असेल असं नाही. ऑपरेशननंतर येणारा प्रत्येक झटका मेंदूतल्या विजेच्या उलथापालथीमुळे आलेला नसतो. काहींना दिसायला फिटसारखेच, पण मुळात वेगळे झटके सुरू होतात. डॉक्टरांच्या कागदावर त्यांना पीएनईएस, फंक्शनल सीझर किंवा डिसोसिएटिव्ह सीझर असं लिहिलेलं असतं. बोलण्यात 'टेन्शनच्या फिट' म्हणतात. या लेखात मी अपस्माराच्या झटक्याला 'फिट' म्हणेन आणि या दुसऱ्या प्रकाराला 'कार्यात्मक झटका', म्हणजे घोटाळा होणार नाही.

हे किती जणांना होतं? वेगवेगळ्या केंद्रांच्या अहवालांत आकडा साधारणपणे शंभर ऑपरेशनांमागे दोनपासून दहापर्यंत दिसतो. म्हणजे सर्रास नाही, पण इतकं दुर्मीळही नाही की डॉक्टरांनी आणि घरच्यांनी ते लक्षातच घेऊ नये. बहुतेकदा हे झटके ऑपरेशननंतरच्या पहिल्या काही महिन्यांत ते वर्षभरात सुरू होतात. काहींना त्याहून उशिरा. ज्यांना आधीपासून नैराश्य, चिंता किंवा दुसरा मानसिक त्रास होता, ज्यांना ऑपरेशनआधीही असे झटके येत होते, किंवा ज्यांच्या ऑपरेशनमध्ये काही गुंतागुंत झाली, त्यांना धोका जास्त. बायकांमध्ये प्रमाण पुरुषांपेक्षा जास्त आढळतं. पुरुषांना होत नाही असा मात्र त्याचा अर्थ नाही, आणि पुरुषाच्या बाबतीत ही शंका उशिरा घेतली जाते.

आता सगळ्यात दुखरा मुद्दा. "म्हणजे ती नाटक करते?" हा प्रश्न कधी उघड विचारला जातो, कधी नुसता नजरेत असतो. उत्तर स्वच्छ आहे: नाही. कार्यात्मक झटका रुग्ण ठरवून आणत नाही आणि ठरवून थांबवूही शकत नाही. मन आणि शरीर यांच्यातला ताबा काही क्षण सुटतो. शरीर हलतं, शुद्ध हरपल्यासारखी होते, हाक ऐकू आली तरी उत्तर देता येत नाही. परीक्षेच्या सकाळी पोटात गोळा येतो, वाईट बातमी ऐकून पाय लटपटतात, तेव्हा आपण ते मुद्दाम करत नसतो. इथे त्याच यंत्रणेचं फार टोकाचं रूप दिसतं, एवढंच. ज्यांना खरी फिट येण्याचा वर्षानुवर्षांचा अनुभव आहे, त्यांच्या शरीराला झटक्याची वाट आधीच ठाऊक असते. मनावर ताण वाढला की शरीर त्याच ओळखीच्या वाटेनं जातं.

'नाटक' या शब्दानं जेवढं नुकसान होतं तेवढं क्वचितच दुसऱ्या कशानं होत असेल. चिमटे काढून बघणं, तोंडावर पाणी मारणं, छातीवर बोटांची हाडं रगडणं, "उठ आता, पुरे झालं" असं खेकसणं, हे सगळं घरातही होतं आणि कॅज्युअल्टीतही होतं. त्यातून झटका थांबत नाही. रुग्णाचा विश्वास तेवढा तुटतो, आणि पुढचे उपचार सगळे त्या विश्वासावरच उभे राहायचे असतात.

ऑपरेशन यशस्वी झालं, मग आता हे का?

हा प्रश्न मला या विषयातला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, म्हणून इथे जरा थांबू या.

ऑपरेशनचा फायदा आता वादाचा विषय राहिलेला नाही. कॅनडातल्या लंडन, ऑन्टारिओ इथे मेंदूच्या टेम्पोरल लोब या भागातल्या अपस्मारावर झालेली चाचणी २००१ मध्ये प्रसिद्ध झाली. त्यात ८० रुग्ण होते; निम्म्यांना ऑपरेशनच्या गटात आणि निम्म्यांना गोळ्यांच्या गटात टाकलं होतं. वर्षअखेर शुद्ध हरपणाऱ्या फिटपासून मुक्त झालेल्यांचं प्रमाण ऑपरेशनच्या गटात ५८ टक्के होतं, गोळ्यांच्या गटात ८ टक्के. आपल्याकडेही तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा तिरुनाल संस्थेत १९९० च्या दशकापासून ही ऑपरेशनं पद्धतशीरपणे होत आली आहेत, आणि आता मुंबई-पुण्यातही होतात.

पण फिट थांबणं ही आयुष्यातली फार मोठी उलथापालथ असते. मेलबर्नमधल्या सारा विल्सन, पीटर ब्लेडिन आणि मायकेल सेलिंग या संशोधकांनी ऑपरेशननंतरच्या रुग्णांशी वर्षानुवर्षं बोलून एक गोष्ट मांडली. तिला त्यांनी जे नाव दिलं त्याचा मराठीत अर्थ होईल 'सर्वसामान्य होण्याचं ओझं'. लहानपणापासून आजारी असलेला माणूस एकाएकी बरा होतो, आणि बऱ्या माणसाकडून जग जे जे मागतं ते सगळं एकदम त्याच्याकडे मागितलं जातं.

आपल्या घरांत हे कसं दिसतं ते बघा. पंचवीस वर्षांची मुलगी आहे, नवव्या वर्षापासून फिट येतात. शाळेच्या सहलीला कधी गेली नाही. विहिरीकडे, गॅसकडे, गच्चीवर एकटी जायची नाही. रात्री आई शेजारी झोपते, बाथरूमची कडी आतून लावायची नाही हा घरातला नियम. ऑपरेशन होतं. सहा महिन्यांत मामा म्हणतात, "आता स्थळं बघायला हरकत नाही." वडील म्हणतात, "बी.कॉम. पुरं कर, नाहीतर काहीतरी नोकरी धर." आई तिच्या खोलीतून आपली गादी उचलते. यातलं प्रत्येक वाक्य प्रेमानं म्हटलेलं आहे. पण जिला गेल्या सोळा वर्षांत एकटीनं बसमध्ये बसायची सवय नाही, मैत्रिणींशी भांडून पुन्हा जुळवून घ्यायची सवय नाही, मुलाखतीत 'मधली वर्षं काय करत होता' याचं उत्तर नाही, तिच्यापुढे ही सगळी दारं एकाच महिन्यात उघडली तर तिनं आत कसं शिरायचं? आणि "मला भीती वाटते" हे सांगायची सोयही तिला राहिलेली नसते, कारण घरानं एवढा खर्च केलेला असतो, एवढे नवस फेडलेले असतात.

लग्नाची गोष्ट वेगळी सांगावी लागते. अपस्मार हे विवाह रद्द करण्याचं कारण हिंदू विवाह कायद्यातून १९९९ च्या दुरुस्तीनं काढून टाकलं, पण बैठकीतल्या कुजबुजीतून ते अजून गेलेलं नाही. आजार लपवून लग्न जमवायचं, हा निर्णय घरचे घेतात आणि त्याची भीती मुलगी बाळगते. असे ताण मी किरकोळ मानत नाही.

यात आणखी काही गोष्टींची भर पडते. टेम्पोरल लोबच्या ऑपरेशननंतर पहिल्या काही महिन्यांत नैराश्य आणि चिंता उफाळून येऊ शकते, आणि ज्यांना आधी कधी नव्हतं त्यांनाही ते येतं. डाव्या बाजूचं ऑपरेशन असेल तर नावं पटकन आठवत नाहीत, वाचलेलं टिकत नाही, असं काहींचं होतं. तेही ओझं असतं. शिवाय फिटसाठीच्या लेव्हेटिरासेटामसारख्या गोळीनं काहींची चिडचिड आणि उदासी वाढते. तेव्हा "स्वभाव बदललाय" असं घरी वाटत असेल तर त्याचं खापर रुग्णावर न फोडता ती गोष्ट पुढच्या तपासणीत डॉक्टरांना सांगावी.

काहींच्या बाबतीत मागे जुना आघात असतो: मारहाण, लैंगिक छळ, एखादा मृत्यू. सगळ्यांच्या बाबतीत नसतो. म्हणून "तुला काय झालं होतं, सांग" असा लकडा घरच्यांनी लावू नये. त्या चौकशीसाठी प्रशिक्षित माणूस, बंद दार आणि नातेवाइकांची गैरहजेरी लागते. तुमच्या डॉक्टरांनी रुग्णाशी एकटं बोलण्यासाठी तुम्हाला बाहेर थांबायला सांगितलं तर राग मानू नका.

झटका येतो तेव्हा काय बघायचं

निदान घरच्यांनी करायचं नाही, पण निदानाला लागणारा निम्मा माल घरच्यांकडेच असतो. पहिली गोष्ट: हा झटका जुन्या फिटसारखाच आहे, की वेगळा? ज्या आईनं किंवा नवऱ्यानं शेकडो फिट पाहिल्या आहेत, त्यांच्या नजरेला किंमत आहे. "आधी उजवा हात वाकायचा आणि ओठ चाटायची, आता सगळं अंग हलतं आणि रडू येतं," हे एक वाक्य डॉक्टरांना पुष्कळ काही सांगून जातं.

मोठ्या फिटमध्ये डोळे बहुधा उघडे असतात. कार्यात्मक झटक्यात बहुधा घट्ट मिटलेले. सर्वांगाची मोठी फिट बहुतेकदा दोन मिनिटांच्या आत आटोपते आणि मग घोरल्यासारखा जड श्वास, गुंगी, गोंधळ असतो. कार्यात्मक झटका पुष्कळदा लांबतो, मध्येच ओसरतो आणि पुन्हा सुरू होतो. मान 'नाही नाही' म्हटल्यासारखी दोन्ही बाजूंना हलणं, हातपाय एका लयीत न हलणं, झटक्यात रडणं, सर्वांग हलत असतानाचं बोलणं नंतर आठवणं, या गोष्टी कार्यात्मक झटक्याकडे बोट दाखवतात. जिभेची कड चावली जाणं फिटकडे बोट दाखवतं. कपड्यात लघवी होणं मात्र दोन्हींत दिसतं, आणि मार दोन्हींत लागू शकतो. "पडली पण लागलं नाही, म्हणजे खोटं" किंवा "लागलं, म्हणजे खरी फिट" हे दोन्ही निष्कर्ष कच्चे आहेत.

यातलं कुठलंही एक लक्षण पुरेसं नाही. फ्रंटल लोबच्या खऱ्या फिट इतक्या विचित्र दिसतात की भले भले फसतात: माणूस पाय झाडतो, ओरडतो, उठून बसतो आणि अर्ध्या मिनिटात शुद्धीवर येतो. त्या बहुधा झोपेतून येतात. गाढ झोपेतून येणारा झटका फिटच समजून चालावं. ऑपरेशननंतरच्या पहिल्या आठवड्यात येणाऱ्या फिटही वेगळ्या. त्या ऑपरेशनच्या जागेच्या सुजेमुळे वगैरे येऊ शकतात आणि त्यांच्यावरून पुढचं भविष्य ठरवता येत नाही. गोळी कमी केल्यावर किंवा चुकल्यावर आलेला झटका आधी फिटच समजावा.

मोबाइलवर व्हिडिओ घ्या. याबद्दल पुष्कळांना अपराधी वाटतं, पण हा व्हिडिओ मोठ्या चाचणीइतका कामाचा ठरू शकतो. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या एका अभ्यासात रुग्णाच्या इतिहासाला घरी काढलेल्या मोबाइल व्हिडिओची जोड दिल्यावर निदानाची अचूकता वाढलेली आढळली. रुग्णाची संमती एरवी, शांत वेळी, आधीच विचारून ठेवा. एकानं रुग्णाजवळ थांबायचं आणि दुसऱ्यानं फोन धरायचा. खोलीतला दिवा लावा. अंगावरची चादर बाजूला करा, म्हणजे हातपाय दिसतील, पण चेहरा आणि डोळे चौकटीबाहेर जाऊ देऊ नका. वेळ मोठ्यानं सांगा. हाक मारा, "माझा हात दाब" म्हणा, एखादा शब्द सांगा, "लक्षात ठेव, आंबा", आणि झटका गेल्यावर तो शब्द विचारा. आणि झटका थांबला म्हणून चित्रण बंद करू नका; नंतरची दोन-तीन मिनिटं, रुग्ण पहिलं वाक्य बोलेपर्यंतची, डॉक्टरांना हवी असतात. हा व्हिडिओ नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकायचा नाही, हे सांगायला नको, पण सांगतो.

व्हिडिओ ईईजी, आणि त्यातला एक चकवा

पक्कं निदान होतं ते व्हिडिओ ईईजीनं. एक ते काही दिवस रुग्णाला दाखल करून डोक्यावर तारा लावतात, समोर कॅमेरा सुरू असतो, आणि झटका येण्याची वाट बघितली जाते. झटका येत असताना मेंदूची वीज शांत, नेहमीसारखी असेल आणि झटक्याचं रूपही जुळत असेल, तर तो कार्यात्मक. आंतरराष्ट्रीय अपस्मार संघटनेच्या तज्ज्ञगटानं २०१३ मध्ये निदानाच्या खात्रीच्या पायऱ्या ठरवून दिल्या, आणि सगळ्यात वरच्या पायरीसाठी नेमका झटका व्हिडिओ ईईजीवर नोंदलेला असणं आवश्यक मानलं.

इथे घरच्यांचं एक काम आहे आणि ते दुसरं कुणी करू शकत नाही. नोंद झालेला झटका बघून सांगायचं की हाच तो, घरी येतो तोच. रुग्णालयाच्या ताणानं एखादा भलताच झटका आला आणि त्यावरून निकाल लागला, असं होऊ नये. घरी दोन प्रकारचे झटके येत असतील तर दोन्हींची नोंद झाली का, हे विचारा. एकाच माणसाला फिटही आणि कार्यात्मक झटकेही असणं ऑपरेशननंतर अगदी शक्य आहे.

नुसता अर्ध्या तासाचा साधा ईईजी मात्र इथे दिशाभूल करू शकतो, आणि त्याचं एक खास कारण आहे. ऑपरेशनसाठी कवटीचा तुकडा काढून पुन्हा बसवलेला असतो. हाड वीज अडवतं; जिथे हाडाला फट राहिली तिथे खालच्या लहरी जास्त उंच आणि टोकदार दिसतात. भिंतीला खिडकी पाडली की पलीकडचं साधं बोलणंही मोठ्यानं ऐकू यावं, तसं. या लहरींना 'ब्रीच ऱ्हिदम' म्हणतात. सराव नसलेल्या नजरेला त्या अपस्माराच्या खुणांसारख्या वाटतात, रिपोर्टवर 'अ‍ॅबनॉर्मल' असं छापून येतं, आणि दुसऱ्याच दिवशी गोळीचा डोस वाढतो. म्हणून ईईजी काढणाऱ्या तंत्रज्ञाला ऑपरेशन कुठल्या बाजूचं झालं ते सांगा, टाक्यांची जागा दाखवा, आणि रिपोर्ट शक्यतो अपस्माराच्या तज्ज्ञाकडून वाचून घ्या. उलट बाजूही लक्षात ठेवावी: जुन्या खुणा ऑपरेशननंतरही ईईजीवर अधूनमधून राहू शकतात, आणि काही छोट्या फिट डोक्याच्या वरून घेतलेल्या ईईजीवर उमटतच नाहीत. रिपोर्टमधल्या एका ओळीवरून "फिटच" किंवा "मानसिकच" असा निवाडा करणारा डॉक्टर भेटला तर दुसरं मत घ्यावं.

काही ठिकाणी झटका आणण्यासाठी मिठाच्या पाण्याचं इंजेक्शन देऊन "हे औषध फिट आणतं" असं सांगतात. मला हे पटत नाही. झटका यायला मदत करायची असेल तर दीर्घ श्वासांचा, दिव्यांच्या उघडझापेचा, रुग्णाला खरं सांगून केलेला मार्ग आहे. फसवून मिळवलेलं निदान रुग्णाला कळलं की तो पुढचा उपचार घ्यायला परत येत नाही.

गोळ्या आणि कॅज्युअल्टी

फिटच्या गोळ्या कार्यात्मक झटक्यांवर काम करत नाहीत. तरी ऑपरेशननंतर असे झटके सुरू झाले म्हणून स्वतःहून एकही गोळी बंद करायची नाही. ऑपरेशननंतर त्या गोळ्या काही महिने ते वर्ष-दोन वर्षं मुद्दाम चालू ठेवलेल्या असतात. त्या एकदम सोडल्या तर खरी, न थांबणारी फिट येऊ शकते. त्यातच दुसरी चूक अशी, की ओळख न पटलेल्या झटक्यांसाठी गोळी वाढत जाते, दोनाच्या चार होतात, माणूस दिवसभर पेंगतो आणि झटके होते तेवढेच राहतात. तरुण स्त्रीला व्हॅल्प्रोएट विनाकारण चढवणं तर फार गंभीर, कारण गर्भावर त्याचा परिणाम होतो. डोस वाढवण्याआधी "हा झटका फिटच आहे हे कशावरून?" असं विचारायचा तुम्हाला पूर्ण अधिकार आहे, आणि चांगला डॉक्टर या प्रश्नानं रागावत नाही.

झटक्याच्या वेळी, तो कुठलाही असो: कुशीवर वळवा, डोक्याखाली मऊ काही ठेवा, आसपासची धारदार, गरम वस्तू हलवा. तोंडात चमचा, बोट, रुमाल काही घालू नका. कांदा किंवा चप्पल हुंगवू नका. हातपाय दाबून धरू नका. गर्दी पांगवा. निदान पक्कं झालेलं नसेल आणि सर्वांगाची फिट पाच मिनिटांपुढे गेली, श्वास अडला, ओठ निळे पडले, किंवा शुद्ध न येता दुसरा झटका आला, तर १०८ ला फोन करायचा आणि घरी दिलेला नाकातला मिडॅझोलाम स्प्रे असेल तर सांगितल्याप्रमाणे वापरायचा. इथे शंकेचा फायदा नेहमी फिटला द्यावा.

निदान पक्कं झाल्यावर मात्र हिशेब बदलतो. लांबलेला कार्यात्मक झटका बघून कॅज्युअल्टीत एकामागून एक झोपेची इंजेक्शनं दिली जातात, श्वास मंदावतो, आणि ज्या माणसाच्या मेंदूत फिट चालूच नव्हती तो व्हेंटिलेटरवर पोचतो. हे टाळण्यासाठी तुमच्या न्यूरोलॉजिस्टकडून एका पानाचं पत्र घ्या. त्यात ऑपरेशनची तारीख आणि बाजू, चालू गोळ्या आणि डोस, खरी फिट कशी दिसते, कार्यात्मक झटका कसा दिसतो, आणि प्रत्येकात काय करायचं व काय करायचं नाही, हे चार-पाच ओळींत हवं. त्याचा फोटो रुग्णाच्या आणि घरातल्या दोघातिघांच्या फोनमध्ये ठेवा.

गावाकडे यात आणखी एक वळण येतं. "अंगात आलंय", "बाहेरचं आहे" म्हणून रुग्णाला बाबाकडे नेलं जातं. देवळात जाऊन कुणाला धीर येत असेल तर त्याला माझी हरकत नाही. पण भूत उतरवण्याच्या नावाखाली मारहाण, धुरी, उपाशी ठेवणं हे महाराष्ट्रात २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यानं गुन्हा आहे, आणि नुकतंच कवटीचं ऑपरेशन झालेल्या डोक्यावर तर ते जिवावर बेतू शकतं.

उपचार

उपचाराची सुरुवात निदान कसं सांगितलं जातं तिथून होते. "रिपोर्ट नॉर्मल आहे, तुम्हाला काही झालेलं नाही, टेन्शन घेऊ नका," असं ऐकून रुग्ण घरी येतो तेव्हा त्याच्या हातात काहीच नसतं. त्याऐवजी "तुम्हाला जे होतंय ते खरं आहे, त्याला नाव आहे, ते अपस्मारापेक्षा वेगळं आहे, आणि त्यावर उपचार आहे," असं शांतपणे, वेळ देऊन सांगितलं तर नुसत्या त्या समजण्यानंही काहींचे झटके कमी होतात. डॉक्टरांनी घाईत सांगितलं असेल तर पुन्हा वेळ मागून, प्रश्न लिहून नेऊन, सोबत घरातलं एक समंजस माणूस घेऊन बसा.

पुढचं मुख्य काम मानसोपचाराचं, त्यातही सीबीटी म्हणून ओळखल्या जाणाऱ्या पद्धतीचं. आठवड्याला किंवा पंधरवड्याला एक बैठक, काही महिने. झटक्याआधी काय होतं, छातीत धडधड, हातांना मुंग्या, 'मी इथे नाहीच' असं वाटणं, हे रुग्ण हळूहळू ओळखायला शिकतो. तेवढ्या क्षणांत पाय जमिनीवर घट्ट टेकवणं, समोर दिसणाऱ्या पाच वस्तूंची नावं मोठ्यानं घेणं, ओल्या रुमालाचा गारवा हातात जाणवून घेणं, श्वास सावकाश सोडणं, यांनी काही झटके वाटेतच थांबतात. मग भीतीनं सोडून दिलेल्या गोष्टी एकेक करून परत घ्यायच्या: आधी कोपऱ्यावरच्या दुकानात, मग दोन स्टॉप बसनं. ब्रिटनमध्ये कार्यात्मक झटक्यांच्या ३६८ रुग्णांवर झालेल्या सीबीटीच्या चाचणीचे निष्कर्ष २०२० मध्ये आले. वर्षाअखेर महिन्यातल्या झटक्यांच्या संख्येत सीबीटी मिळालेल्या आणि न मिळालेल्या गटांत ठोस फरक पडला नाही, पण ज्यांना सीबीटी मिळाली त्यांचे सलग झटक्याविना जाणारे दिवस वाढले, झटक्यांचा त्रास कमी वाटू लागला आणि रोजचं जगणं सुधारलं. म्हणून दोन महिन्यांत झटके शून्यावर आले नाहीत तर उपचार सोडू नका. नैराश्य असेल तर मानसोपचारतज्ज्ञ त्याची गोळी वेगळी देतात. ती फिटच्या गोळ्यांशी जुळते का, हे न्यूरोलॉजिस्टला दाखवून घ्यावं. दोघांनी एकमेकांशी बोलणं इथे फार गरजेचं आहे. न्यूरोलॉजिस्ट "हे माझं नाही" म्हणून पाठवून देतात आणि मानसोपचारतज्ज्ञ "ऑपरेशन झालंय, आधी तिकडे दाखवा" म्हणून परत पाठवतात, असा चेंडू होऊ देऊ नका. ऑपरेशन जिथे झालं तिथला पाठपुरावा चालूच राहिला पाहिजे.

रुग्ण "जगून काय करू" असं बोलत असेल तर ते झटक्यांपेक्षाही तातडीचं समजा. एकटं सोडू नका, गोळ्यांचा साठा ताब्यात घ्या, त्याच दिवशी डॉक्टर गाठा. सरकारची टेलिमानस सेवा १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र फुकट आहे आणि मराठीत बोलता येतं.

घरात काय बदलायचं? झटक्याच्या वेळी सगळं घर धावतं आणि एरवी कुणी बसून बोलत नाही, हे उलटं करा. झटक्यात एक माणूस शांतपणे जवळ थांबेल, आणि रोज झटका नसताना अर्धा तास तिच्याशी आजाराशिवाय इतर गोष्टी बोलेल. लग्न, नोकरी, परीक्षा यांतलं एका वेळी एकच, तेही तिनं निवडलेलं. आईची गादी खोलीतून काढायची असेल तर ती कधी काढायची हे तिला ठरवू द्या.

ज्यांचं ऑपरेशन अजून व्हायचं आहे त्यांच्यासाठी: ऑपरेशनपूर्व तपासण्यांत मानसोपचारतज्ज्ञाची भेट ही निव्वळ औपचारिकता समजू नका. दोन तऱ्हांचे झटके येत असतील तर तसं स्पष्ट सांगा. आधीपासून कार्यात्मक झटके आहेत म्हणून ऑपरेशनचं दार बंद होतंच असं नाही, पण कोणते झटके ऑपरेशननं जातील आणि कोणते नाहीत हे आधी कळलं तर नंतरचा "फुकट गेलं" हा आक्रोश टळतो.

कागदपत्रांचं थोडक्यात. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानुसार विमा कंपनीनं मानसिक आजाराचा उपचार शारीरिक आजारासारखाच धरायचा आहे, तेव्हा दावा नाकारला तर लेखी कारण मागा. वाहन परवान्याच्या फॉर्म १ मध्ये अपस्माराबद्दल आणि कुठल्याही कारणानं अचानक शुद्ध हरपण्याबद्दल विचारलेलं असतं. कार्यात्मक झटकेही त्यात येतात, म्हणून खरं उत्तर द्या. झटके चालू असेपर्यंत दुचाकी, पोहणं, उंचावरचं काम टाळा, बाथरूमची कडी लावू नका, आणि पुन्हा सुरू करायची वेळ न्यूरोलॉजिस्ट आणि मानसोपचारतज्ज्ञ या दोघांना विचारूनच ठरवा.